मधली सुट्टी: तुमच्या शाळेतला नियम काय होता?

परवा जेवताना धाकट्या भावाशी वाद झाला. लगोरी फुटल्यावर चेंडू गुडघ्याच्या वर लागला तर गडी बाद धरायचा की नाही? मी म्हणाले धरायचा, तो म्हणाला नाही. दोघं एकाच घरात वाढलो, पण शाळा वेगळ्या. माझी साताऱ्यात राजवाड्याजवळ, त्याची पोवई नाक्याकडे. तेवढ्या अंतरात नियम बदलला होता! तो कुणी शिकवला नव्हता, कुठं लिहिलेलाही नव्हता. आपण आहोत तोवर हे लिहून ठेवायला हवं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा. खेळांची यादी नको, ती पुस्तकातही मिळेल. तुमच्या शाळेतला नियम, शब्द, जागा सांगा.

सुरुवात मी करते. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. टोल पडला की अर्धी पोळी तोंडात, अर्धी हातात, कारण सावलीची बाजू आधी पोचेल त्याची. शाळा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या चढावर, त्यामुळं मैदान एका अंगाला कललेलं. चेंडू सुटला की थेट खालच्या आळीत. म्हणून पहिला नियम ‘मारील तो आणील’. डबा ऐसपैसमध्ये सगळ्या पोरांचे शर्ट पांढरे, चड्ड्या खाकी, मग मागून ओळखायचं कसं? पोरं टोप्यांची अदलाबदल करायची. चुकीचं नाव घेतलं की अंडं फुटलं, आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच.

सातारा, पोवई नाका

तो भाऊ मीच. ताई, काल रात्री झोपताना कारण सापडलं. तुमच्यात चिंध्यांचा चेंडू होता, आईनंच शिवून दिलेला. आमच्यात रबरी होता. तो पाठीत बसला की वळ उठायचा. एकदा एकाच्या कानावर लागला, तेव्हापासून गुडघ्याखालीच. म्हणजे दोघांचंही बरोबर आहे.

वाई

दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. डाव्या पायात ताकद नाही. पहिली-दुसरीत मी कच्चा लिंबू. खेळात घ्यायचं, पण बाद झालं तरी बाद नाही, आणि राज्यही येत नाही. मैत्रिणींनी हे प्रेमानंच केलेलं. कुणाच्या धाकट्या भावंडांनाही तसंच घ्यायच्या. तरी मला ते आत कुठंतरी टोचायचं.

तिसरीत एकदा लंगडीचा डाव पडला आणि एक गडी कमी होता. लंगडीत पळणाऱ्या दोन पायांवर, पण पकडणारीनं एकाच पायावर जायचं, दुसरा टेकला की ती बाद. मला तर घरात, अंगणात, कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्यांवर उजव्या पायावरच उड्या मारायची सवय. बाकीच्या लवकर दमायच्या, मी दमेचना. एकेकीला चौकोनाच्या कोपऱ्यात कोंडायची आणि हात लावायची. त्या सुट्टीत चौघी बाद केल्या.

पळायची पाळी आली तेव्हा मात्र अडलं. तेव्हा पोरींनी तिथल्या तिथं नियम काढला: माझ्या मागं येणारीनं आपल्या सवयीच्या पायानं नाही, दुसऱ्या पायानं लंगडायचं. आज मी पन्नाशीत आहे, इतका चोख न्याय पुढं फार कमी ठिकाणी बघितला. माझा कच्चा लिंबू त्या दिवशी सुटला. पुढं पकडापकडीत राज्य कुणावर ते ठरवायला चकलो तर शेवटी मीच उरले. घरी पळत गेले (माझ्या परीनं पळतच) आणि दारातूनच ओरडले, ‘आई, आज माझ्यावर राज्य आलं!’

पाटण तालुका

मी तिसरीत होतो. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. आमची कौलारू शाळा बसली. पुढं वर्ग जांभळीखाली भरायला लागला. भिंती नाहीत, दार नाही, मग मधली सुट्टी सुरू झाली हे कळायचं कसं? गुरुजी खडू खिशात ठेवायचे, तीच घंटा.

आधी आम्ही लपंडाव खेळायचो. नंतर नियम आला, ‘भिंतीआड लपला तो बाद’. मोठ्यांनी सांगितलेला नाही, पोरांनीच घातलेला. जमीन अधूनमधून हालायचीच. आम्ही झाडाआड, गवताच्या गंजीआड, नाहीतर नुसतंच डोळे मिटून बसायचो. माझी नातवंडं बिनधास्त भिंतीमागं लपतात, ते बघून अजून माझ्या छातीत धस्स होतं.

माण

आमच्यात सागरगोटे म्हणत नाहीत, गजगं म्हणतात. काटेरी जाळीतनं ओरखडे सोसून काढलेलं, करडं, गुळगुळीत. फरशीवर घासून तापवायचं आणि शेजारणीच्या दंडाला लावायचं. चटका बसला की तिनं पाच गजगं दंड मागायचा, असा कायदा. दुष्काळात खेळायला यापेक्षा स्वस्त काय मिळणार? लिंबाची सावली आणि पाच बिया.

मिरज

मिरजेत सतारी बनतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वर्गातल्या एकाच्या घरी तंतुवाद्यांचं काम चालायचं. तिथल्या उरलेल्या तुकड्यांतून त्याच्या आजोबांनी आम्हाला विटी तासून दिली. दोन्ही टोकं अशी नेमकी की दांडूचा हलका टोला बसला तरी हातभर उडायची. बाभळीच्या विटीला ती उसळी कधीच आली नाही. नियम एकच: ती विटी हरवली तर त्या दिवशीचा खेळ बंद आणि सगळ्यांनी मिळून शोधायची. एकदा अख्खा वर्ग सुट्टी संपल्यावरही गवतात ओणवा होता. गुरुजी रागावायला आले, कारण ऐकलं आणि धोतर सावरून तेही वाकले.

सांगली

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या अंगणात आता पेव्हिंग ब्लॉक आहेत. चिखल होत नाही हे खरं, पण गोट्यांची गल खणता येत नाही आणि काडीनं जिबलीचे चौकोन आखता येत नाहीत. लगोरीला पूर्वी फुटक्या कौलाच्या ठिकऱ्या असायच्या. आता मी पोरांना त्या जुन्या घरांच्या पडझडीतून आणायला सांगते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या शाळेत पाणी होतं. शाळा पुन्हा उघडली तेव्हा अंगणाच्या कडेला गाळाचा थर वाळत होता. साफसफाई चालूच होती. दुसरीतल्या एका पोरीनं काडी उचलली आणि त्या गाळावर रेघ ओढली. रेघ उठली. तिला आश्चर्य वाटलं, कारण तिच्या शाळेच्या जमिनीवर आजवर रेघ उठलीच नव्हती. पाच मिनिटांत तिथं जिबली आखली गेली. चौकोन वाकडेतिकडे, ठिकरी कौलाची. हातपाय धुवायला लावून मीही एक डाव खेळले.

टँकर अंगण धुवायला आला तेव्हा पोरं माझ्याभोवती जमली. ‘बाई, एवढा कोपरा राहू द्या की.’

चार दिवस राहू दिला.