होस्टनेम, नेटवर्क आणि एकमेकांना न सापडणारे नोड : तुमचे अनुभव सांगा

डेटाबेस एकाच मशीनवर असतो तोवर त्या मशीनचं नाव काय ठेवलंय, याने कुणाचं काही अडत नाही. तो चार मशीनवर पसरला की प्रत्येक नोडला (त्यातल्या प्रत्येक मशीनला) बाकीच्यांना सांगावं लागतं : मला या नावाने, या पत्त्यावर गाठा. तिथेच घोळ होतो, आणि लॉगमध्ये मात्र 'कनेक्शन रिफ्यूज्ड' किंवा 'टाइमआउट' एवढंच दिसतं.

आमच्याकडचं प्रकरण आधी सांगतो. उबुंटूवर एचबेस या डेटाबेसचा लहान क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मशीनचा गट. मास्टर (देखरेख करणारा), झूकीपर (समन्वय ठेवणारा), रीजन सर्व्हर (डेटा सांभाळणारे) सगळं सुरू झालेलं, पण मास्टरच्या वेब पानावर रीजन सर्व्हरची यादी कोरी. सगळ्यांचा संशय फायरवॉलवर. नियम तपासले, १६००० पोर्ट उघडं होतं. एका मशीनवरून दुसऱ्याला पिंग जात होतं, नावानेसुद्धा. शेवटी मास्टरवर 'एसएस' चालवून कोण कुठे ऐकतंय ते पाहिलं. १६००० वर प्रोसेस होती, पण पत्ता होता १२७.०.१.१, जो मशीनच्या आतच चालतो, बाहेरून गाठता येत नाही. म्हणजे दुकान उघडं, पण शटरच्या आतल्या बाजूने.

डेबियन आणि उबुंटू इन्स्टॉल होताना एटसी होस्ट्स फाइलमध्ये (नाव-पत्त्यांची मशीनवरची यादी) १२७.०.१.१ आणि पुढे मशीनचं नाव अशी ओळ टाकतात. कायमचा आयपी नसलेल्या मशीनचं नावही कुठेतरी रिझॉल्व्ह व्हावं (त्याचा पत्ता मिळावा), हा त्यामागचा हेतू. लॅपटॉपवर ते सोयीचंच आहे. पण एचबेसचा मास्टर आपल्या होस्टनेमचा पत्ता विचारतो आणि जो मिळेल त्यावर बाइंड होतो, म्हणजे तिथेच ऐकत बसतो. बाकीच्या मशीन त्याच नावाचा खरा आयपी काढून तिथे दार ठोठावतात, आणि तिथे कुणीच ऐकत नसतं. ती ओळ काढून नावापुढे खरा आयपी घातला, रीस्टार्ट केलं, यादी भरली.

तुमच्याकडे काय काय झालंय? डेटाबेस कुठलाही चालेल. फक्त 'रीस्टार्ट केलं आणि चाललं' एवढंच लिहू नका, कारण कळलं असेल तर तेही लिहा.

रात्रपाळी

ती ओळ काढलीत, पण मशीन रीबूट करून पाहिलंत का? क्लाउडवरची मशीन असेल तर क्लाउड-इनिट (बूट होताना मशीनची मांडणी करणारं साधन) एटसी होस्ट्स फाइल प्रत्येक बूटला आपल्या टेम्पलेटवरून नव्याने लिहू शकतो. त्याच्या कॉन्फिगमध्ये 'मॅनेज एटसी होस्ट्स' चालू असेल, तर हाताने केलेला बदल पुढच्या बूटपर्यंतच टिकतो. आमच्याकडे कर्नल अपडेटनंतर नोड गायब झाले, आणि सगळे कर्नलला शिव्या देत होते. होस्ट्स फाइलच्या वरच्या कमेंटमध्येच ते लिहिलेलं असतं. पण त्या कमेंट कोण वाचतं!

धागाकर्ता

आमची मशीन स्वतःची आहेत, क्लाउडवर नाहीत, त्यामुळे वाचलो. पण ही माहिती मोलाची आहे, धन्यवाद.

उलटा शोध

एचबेसचाच आणखी एक नमुना. रीजन सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ शोधा : 'मास्टर पास्ड अस अ डिफरंट होस्टनेम टू यूज', आणि पुढे आधीचं नाव व नवं नाव. रीजन सर्व्हर स्वतःला एक नाव सांगतो. मास्टर जोडणी कुठल्या आयपीवरून आली ते पाहून त्या आयपीवरून नावाचा उलटा शोध घेतो, आणि डीएनएसमध्ये (नेटवर्कवरच्या नाव-पत्त्यांच्या यादीत) त्या आयपीला दुसरं नाव असेल तर तेच खरं मानतो. आमच्याकडे सरळ नोंदी नवीन नावाने झाल्या होत्या, पीटीआर (आयपीवरून नाव सांगणाऱ्या) नोंदी जुन्याच राहिलेल्या. नेटवर्कवाले म्हणत, डीएनएस ठीक आहे. त्यांच्या बाजूने ते खोटंही नव्हतं, कारण त्यांनी नावावरून आयपी तेवढाच तपासला होता. आयपीवरून नाव विचारून पाहा म्हटल्यावर पाच मिनिटांत सापडलं.

दोन नेटवर्क कार्डं

कॅसँड्रा या डेटाबेसबद्दल लिहितो, आणि जरा सविस्तर लिहितो, कारण यात पत्त्यांच्या चार सेटिंग आहेत आणि चारींची गल्लत होते.

आमच्या प्रत्येक मशीनला दोन कार्डं होती : एक मॅनेजमेंटचं, एक डेटाचं. क्लस्टर उभा केला, आणि प्रत्येक नोडवर 'नोडटूल स्टेटस' मारलं की फक्त तो स्वतःच 'यूएन' (अप, नॉर्मल) दिसायचा. चार नोडचे चार एकट्या-एकट्याचे क्लस्टर. झालं होतं असं, की लिसन ॲड्रेस रिकामा सोडलेला. रिकामा असला की कॅसँड्रा जावाला विचारतो, या मशीनचा पत्ता काय. जावा होस्टनेम रिझॉल्व्ह करून सांगतो, आणि आमच्याकडे ते नाव मॅनेजमेंटच्या आयपीकडे जात होतं. त्या नेटवर्कवर ७००० पोर्ट बंद, म्हणजे गॉसिपच (नोडचं आपसातलं बोलणं) बंद. सीडच्या (सुरुवातीला ज्यांना गाठायचं त्या नोडच्या) यादीतही जो तो आपल्याच नावाने, त्यामुळे कुणाचं कुणावाचून अडलंही नाही.

यावर एका सहकाऱ्याने सुचवलं, लिसन ॲड्रेस ०.०.०.० करून टाकू, सगळीकडे ऐकेल. हे कधीच करू नका. लिसन ॲड्रेस हाच इतर नोडना सांगितला जातो (ब्रॉडकास्ट ॲड्रेस वेगळा दिला नसेल तर), आणि ०.०.०.० हा कुणी जाऊन गाठण्याजोगा पत्ताच नाही. आरपीसी ॲड्रेस, म्हणजे क्लायंटसाठीचा, तो ०.०.०.० चालतो, पण मग ब्रॉडकास्ट आरपीसी ॲड्रेस द्यावाच लागतो, नाहीतर कॅसँड्रा सुरूच होत नाही. असा सुरू व्हायला नकार देणारा डेटाबेस मला आवडतो. अर्धवट सुरू होऊन गप्प बसणारे छळतात.

याच्याच पुढचा भाग : नोड जुळले, पण ॲप्लिकेशन पहिल्या नोडला जोडलं जायचं आणि बाकी तिघांवर टाइमआउट. ड्रायव्हरला (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या कोडला) तुम्ही देता तो पत्ता फक्त सुरुवातीचा. उरलेल्यांचे पत्ते तो पहिल्या नोडच्या 'सिस्टीम पीअर्स' टेबलातून घेतो. तिथे आतले आयपी असले आणि ॲप्लिकेशन नॅटच्या (पत्ते बदलणाऱ्या राउटरच्या) पलीकडे असलं, की संपलं. ॲप्लिकेशनच्या मशीनवरून त्या टेबलातल्या एकेका पत्त्यावर ९०४२ उघडतंय का, एवढं करून पाहिलं तर अर्धा दिवस वाचतो.

जुना डीबीए

वरच्यासारखंच मोंगो डीबी या डेटाबेसचं. रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारे नोड) सुरू करताना काहीच कॉन्फिग दिलं नाही, तर तो मशीनचं होस्टनेम उचलतो आणि सदस्यांच्या यादीत तेच जातं. मग ॲप्लिकेशनच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये आयपी लिहा नाहीतर काहीही लिहा, ड्रायव्हर यादी मागवतो आणि त्यातल्या नावाने जायला बघतो. डेव्हलपर मंडळी स्क्रीनशॉट पाठवतात : 'आम्ही हे नाव कुठेच लिहिलेलं नाही, तरी याच नावाने एरर का?' म्हणूनच येतो.

नाव बदलायचं तर 'आरएस कॉन्फ'ने कॉन्फिग घ्या, होस्ट बदला, 'आरएस रीकॉन्फिग' करा. आधी दुय्यम नोड एकेक करून, प्राथमिक सगळ्यात शेवटी. आणि नवं नाव प्रत्येक नोडवरून आणि प्रत्येक ॲप्लिकेशन सर्व्हरवरून रिझॉल्व्ह होतंय याची खात्री आधी.

शंकेखोर

मग सरळ आयपीच का लिहू नयेत? नावाची भानगडच नको.

जुना डीबीए

मशीन बदललं की आयपी बदलतो, आणि मग प्रत्येक वेळी सदस्यांची यादी बदलत बसायचं. मोंगोच्या दस्तऐवजांतही नावंच वापरा असं सांगितलंय. शिवाय टीएलएस सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीत ओळख पटवणारी) नावावर काढलेली असतात. आयपीने गेलात तर पडताळणी तिथेच अडकते. बदलतच नसलेल्या दोन-तीन मशीनच्या टेस्ट क्लस्टरला आयपी लिहा, माझी हरकत नाही.

अंडरस्कोर

छोटासाच अनुभव. कंटेनरचं नाव 'डीबी अंडरस्कोर वन' असं. पिंग चाले, कर्ल चाले, जावाचा क्लायंट मात्र होस्ट रिकामा आहे म्हणे. होस्टनेममध्ये अंडरस्कोर चालत नाही. अक्षरं, अंक आणि हायफन एवढंच. बरीचशी साधनं कानाडोळा करतात, पण जावाचा यूआरआय वर्ग नियम पाळतो आणि 'गेट होस्ट'ला नल परत देतो. एररमध्ये अंडरस्कोरचा उल्लेख कुठेही नसतो. हायफन घातला, प्रश्न मिटला.

पाकीट

सगळ्याचं खापर नावांवर फोडू नका. आमच्याकडे नावं, पत्ते, पोर्ट सगळं चोख होतं. नवा नोड जोडला की गॉसिप व्यवस्थित, स्टेटस 'जॉइनिंग', आणि डेटाचं स्ट्रीमिंग सुरू झालं की ठप्प. एरर नाही, काही नाही, फक्त आकडा पुढे सरकत नाही.

कारण एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार. मशीन व्हीएक्सलॅनवर (एका नेटवर्कच्या आत गुंडाळलेल्या दुसऱ्या नेटवर्कवर) होत्या. खालच्या नेटवर्कचा एमटीयू १५००, व्हीएक्सलॅनचं वेष्टण ५० बाइटचं, म्हणजे आतल्या इंटरफेसवर १४५० हवा. तिथेही १५००च ठेवलेला. लहान पाकिटं आरामात जात होती, मोठी वाटेतच गळत होती, आणि 'पाकीट मोठं आहे' असं कळवणारे आयसीएमपी संदेश सुरक्षेच्या नावाखाली बंद केलेले. पिंगमध्ये तुकडे न करण्याचा पर्याय लावा आणि आकार १४७२ द्या, मग १४२२ द्या. आयपी आणि आयसीएमपीचे मिळून २८ बाइट त्यात धरा. पहिला अडकला आणि दुसरा गेला, तर एवढा पुरावा पुरे.

रात्रपाळी

हे वाचून आठवलं : नाव तपासायला 'डिग' किंवा 'एनएसलुकअप' वापरणारे फार. ते थेट डीएनएसला विचारतात, एटसी होस्ट्स फाइल बघतच नाहीत. डेटाबेस मात्र बहुतेक वेळा एनएसस्विच फाइलमध्ये ठरवलेल्या क्रमाने जातो, आणि तिथे सहसा 'फाइल्स' आधी असतं. म्हणून 'गेटएंट होस्ट्स' वापरा, आणि क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर प्रत्येक नावासाठी. मी एक लहान लूप करून ठेवलाय, नवा नोड आला की आधी तो चालवतो. 'लोकलहोस्ट' तर याहून बेरकी. नोड जेएसच्या (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर, क्लस्टरचा नोड नव्हे) १७व्या आवृत्तीपासून आयपीव्ही४ला आपोआप पुढे ठेवणं बंद झालं. लोकलहोस्ट ::१ या आयपीव्ही६च्या पत्त्याकडे जाऊ लागलं, आणि फक्त १२७.०.०.१ वर ऐकणारा मोंगो अचानक जोडणी नाकारायला लागला.

दूरची जोडणी

दोन डेटासेंटरमधला क्लस्टर. दिवसा उत्तम, पहाटे पहिली क्वेरी लटकायची. मधली फायरवॉल तासभर शांत असलेली टीसीपी जोडणी गुपचूप विसरून जात होती, दोन्ही टोकांना न कळवता. लिनक्सचा कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का ते तपासणारा) मूळ सेटिंगला ७२०० सेकंदांनी जागा होतो, म्हणजे दोन तासांनी; तोवर उशीर झालेला. आम्ही टीसीपी कीपअलाइव्ह टाइम ६०, प्रोब ३ आणि इंटरव्हल १० ठेवलं. फायरवॉलच्या टीमला सेटिंग वाढवायला सांगितलं होतं, ती विनंती अजून मंजुरीत आहे.