मदत हवी आहे : हिमनदीखालच्या पाण्याचं मॉडेल, पाट पडतच नाही (बडोदे)

विचारणा
गाळावर बसलेल्या हिमनदीखाली पाणी वाट कशी काढतं ते एमएस्सीच्या मुलांना दाखवायचं आहे. ॲक्रिलिकची पेटी 100 सेमी लांब, 20 सेमी रुंद. आत ओरसंग नदीची धुतलेली रेती 10 सेमी, वर ताठ झाकण, वजनांसकट 20 किलो. पाणी एका टोकाला झाकणाखाली सोडतो, दुसऱ्या टोकाला खाच आहे. टाकी 8 सेमी उंच ठेवली तर सगळं रेतीत जिरतं. 60 सेमीवर नेली की भिंतीच्या कडेने सुसाट सुटतं. वजन वाढवू का?

उत्तर १
नको, टाकी खालीच ठेवा. 20 किलो 0.2 चौरस मीटरवर म्हणजे सुमारे 980 पास्कल, पाण्याचा जेमतेम 10 सेमी स्तंभ. 60 सेमीला झाकण उचललं जाणारच, मग पाणी गाळ कशाला कोरेल? पाणी आत येतं त्या तोंडाशी पातळी 7-8 सेमी ठेवलीत की वजनातून पाण्याचा दाब वजा जाऊन 200-300 पास्कल उरतात. हाच प्रभावी दाब. गाळाची ताकद त्याच्यावर अवलंबून. पातळी पेटीत खोचलेल्या उभ्या नळीत वाचा, टाकीच्या उंचीवर विसंबू नका.

धुतलेली रेती मात्र बदलाच. तिची पारगम्यता (पाणी झिरपू देण्याची क्षमता) सेकंदाला 1 मिमी धरली तर 8 सेमी दाबावर मिनिटाला 100 मिलीच्या आसपास पाणी तिच्यातूनच निघून जातं. खरा हिमनदीचा गाळ याच्या हजारो पट घट्ट, म्हणून तर पाण्याला बर्फ आणि गाळ यांच्या मधे यावं लागतं. चार भाग रेतीला एक भाग कुंभाराकडची चाळलेली माती घाला. माती जास्त झाली तर पाट न पडता भेग जाते. (विश्वामित्री नदीचा गाळ फुकट आहे, पण मगरींच्या वाटेला कोण जाणार!)

उत्तर २
भिंतींना आतून इपॉक्सी लावून रेती चिकटवा, गुळगुळीत ॲक्रिलिकलगत फट राहतेच. ताठ झाकणाऐवजी 5 मिमी सिलिकॉन शीट, वर रेतीच्या पिशव्या. गाळ खालून सावकाश भिजवा, नाहीतर आत हवा अडकते.

विचारणा
आभार. मधोमध एकच खोल पाट दिसेल ना?

उत्तर १
ती आशा सोडा. बर्फात वर कोरलेल्या बोगद्यात प्रवाह वाढला की दाब उतरतो, मोठा बोगदा लहानांचं पाणी ओढून घेतो. गाळातल्या पाटाचं उलटं, हे वॉल्डर आणि फाउलर या संशोधकांनी 1994 मध्ये मांडलं: प्रवाहाबरोबर दाब चढतो, त्यामुळे रुंद, उथळ पाट बरेच राहतात. तुमच्या पेटीत बर्फ वितळत नाही, तेव्हा बोगदा दिसणारच नाही. खाचेखाली पांढरी बादली ठेवा. पाणी गढूळ यायला लागलं की कोरणं सुरू झालं समजा.