सुटे सेल की वापरलेले पॅनेल?

सुटे सौर सेल आणून घरीच पॅनेल जोडल्यास खर्च निम्म्यावर येईल, असे गणित मांडले जाते, पण ते मला पटत नाही. सिलिकॉनचा एक सेल साधारण ०.५ व्होल्ट देतो. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करायला तिच्यापेक्षा बरेच जास्त व्होल्टेज हवे, म्हणजे सुमारे ३६ सेल एकसर जोडणीत (एकापुढे एक) लावावे लागतात, आणि जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचे हे सेल सोल्डर करताना सहज तडकतात. काच, फ्रेम आणि ओल रोखणारे आवरण यांचा खर्च धरला की तयार पॅनेलच स्वस्त पडते. शिकण्याची हौस म्हणून जरूर करावे, छतावर मात्र नको.

खरी बचत वापरलेल्या पॅनेलमध्ये आहे. त्यांची क्षमता वर्षाला साधारण अर्ध्या टक्क्याने घटते, त्यामुळे दहा वर्षे जुने पॅनेलही बरेच काम देते. मात्र घेण्यापूर्वी भर उन्हात मल्टिमीटरने ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनेलला काहीही न जोडता मिळणारे) आणि शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोके थेट जोडल्यावर वाहणारा) मोजून ते मागच्या लेबलवरील आकड्यांशी ताडून पाहावेत. सावलीतल्या सेलना वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे तीन बायपास डायोड, म्हणजे दर तृतीयांश भागाला एक, असलेल्या पॅनेलचे व्होल्टेज नेमके एक तृतीयांशाने कमी दिसले, तर बहुधा एक डायोड शॉर्ट झालेला असतो. जंक्शन बॉक्स (डायोड असलेली पॅनेलमागची पेटी) उघडता येत असेल तर तो डायोड बदलता येतो, तेव्हा अशा पॅनेलसाठी घासाघीस करायला हरकत नाही.