कॅनडातल्या निर्यात आवृत्तीच्या एअर रायफलला बाहेरचे भाग बसवावेत का?

मांजराकाठ (उदगीर)

नमस्कार मंडळी. पुतण्या कॅनडात सास्काटूनला शिकायलाय. त्यानं तिथं जर्मन बनावटीची ब्रेक बॅरल (नळी मोडून भरायची) एअर रायफल घेतली आहे. .१७७ बोअर, आत स्टीलची स्प्रिंग. कॅनडासाठी कारखान्यातूनच कमी ताकदीची काढलेली निर्यात आवृत्ती आहे, खोक्यावर वेग ४९५ फूट प्रति सेकंद लिहिलाय. घराच्या तळघरात १० मीटर अंतर बरोबर मिळतं, तिथंच कागदी टार्गेटवर सराव चालतो. पाच छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, २५ मिमीच्या आत यायला तयार नाही.

त्याच्या मनात तीन गोष्टी आहेत: पूर्ण ताकदीची स्प्रिंग आणि सील, बाहेरचा हलका ट्रिगर, आणि ३-९×४० ची दुर्बीण. इथं माझ्याकडं देशी बनावटीची गॅस पिस्टनवाली (स्प्रिंगऐवजी दाबलेला गॅस असलेली) आहे, तिलाही तेच करावं का हा विचार आहे. आधी काय घ्यावं? ग्रुप पसरतोय तो ताकद कमी म्हणून का?

बालाघाटी

दादा, स्प्रिंगचा विषय आधी मिटवतो, कारण तिथं नुसता पैसा वाया जात नाही, पोरगं कायद्यात अडकतं.

कॅनडात एअर गनचा वेग १५२.४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ५०० फूट, आणि ऊर्जा ५.७ जूल या दोन्ही मर्यादा ओलांडल्या की ती कायद्यानं बंदूक मानली जाते. मग ताब्यात ठेवायला परवाना लागतो, त्याला तिकडं पाल म्हणतात. आधी सुरक्षेचा कोर्स, परीक्षा, मग अर्ज. ४९५ चा आकडा याच रेषेच्या अलीकडं राहण्यासाठी ठरवलेला आहे. ०.५३ ग्रॅमचा छर्रा त्या वेगाला सुमारे ६ जूल देतो. म्हणजे ऊर्जेची मर्यादा आधीच ओलांडली आहे, रायफल सुटते ती केवळ वेगावर, आणि तिथं हातात ५ फुटांचीच जागा आहे. जाड स्प्रिंग घातली की त्याच दिवशी परवान्याविना बंदूक बाळगल्याचा गुन्हा. पाल काढायचाच असेल तर पूर्ण ताकदीची रायफल सरळ दुकानातून घ्यावी.

नळीच्या तोंडाला आवाज दाबणारं काहीही लावू नये. बंदुकीचा आवाज दाबणारं साधन कॅनडात प्रतिबंधित यादीत आहे. तळघराबाहेर नेमबाजी करायची झाली तर शहराचे स्वतःचे नियमही आधी वाचायला सांगा.

आपल्याकडं २०१६ च्या शस्त्र नियमांत मर्यादा २० जूल आणि .१७७ बोअर अशी आहे. त्याच ०.५३ ग्रॅमच्या छऱ्याला ही रेषा साधारण २७५ मीटर प्रति सेकंदाला येते. तुमच्या गॅस पिस्टनमध्येही ताकद वाढवायचं काम करू नका.

आता ग्रुपचं. १५० मीटर प्रति सेकंद वेगानं छर्रा १० मीटरला सुमारे २.४ सेंमी खाली येतो, २७० च्या वेगानं पाऊण सेंमीच्या आत. पण हा फरक साइट एकदा लावली की संपतो. ग्रुप पसरवत नाही. स्पर्धेच्या १० मीटर रायफलीसुद्धा १७० ते १७५ मीटरच्या आसपासच चालतात. तेव्हा २५ मिमीचं कारण ताकद नाही, हे पक्कं.

गोदातीर (नांदेड)

बालाघाटी सरांशी सहमत. आता कामाचा क्रम सांगतो. पहिल्या तिन्ही कामांचा खर्च दुर्बिणीपेक्षा फारच कमी आहे.

आधी स्क्रू. स्प्रिंगच्या रायफलीचा झटका आधी मागं आणि मग पुढं असा दुहेरी असतो, त्यानं लाकडी दस्त्याचे पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू सैल पडतात. ते काढा, आटे पुसून कोरडे करा, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एकेक थेंब लावून हाताच्या जोरानं घट्ट बसवा. लाल लावू नका, पुढं उघडताना स्क्रूचं तोंड झिजतं. नंतर दर दोन-तीनशे छऱ्यांनी तपासा. मग नळीचा कणा, म्हणजे ती जिथं मोडते तो सांधा, बघा: कॉक केल्यावर (नळी मोडून स्प्रिंग ताणल्यावर) नळी जिथं सोडाल तिथंच थांबली पाहिजे. आपल्या वजनानं खाली येत असेल तर कण्याचा बोल्ट थोडा आवळा.

दुसरं, छर्रे. १० मीटरला चपट्या डोक्याचे मॅचचे छर्रे घ्या. ०.५३ ग्रॅम आणि ०.४५ ग्रॅम, दोन्ही आणा. चांगल्या कंपन्या ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी अशी डोक्याची मापं वेगळी देतात. प्रत्येक मापाचे पाच-पाच छऱ्यांचे पाच ग्रुप मारा, आणि छर्रा बदलला की पहिले दहा मोजू नका, नळीला नव्या शिशाची सवय व्हावी लागते. एकाच नळीत दोन मापांचे ग्रुप एकमेकांच्या दुप्पट आलेले दिसतात. टोकदार छर्रे मात्र विसरा.

तिसरं, धरणं. स्प्रिंगची रायफल वाळूच्या पिशवीवर दाबून ठेवली की झटक्याला उडी मारते आणि ग्रुप फुटतो. डावा तळवा दस्त्याखाली दरवेळी त्याच जागी, रायफल नुसती टेकलेली, खांद्याला हलकी. दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. छर्रा सुटल्यावर नजर टार्गेटवर किमान एक सेकंद तशीच ठेवा. कमी वेगाचा छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, त्यामुळं कॅनडा आवृत्तीला हे जास्तच लागू.

ट्रिगरबद्दल कळकळीनं सांगतो. बाहेरचं नुसतं पातं बदलून बोटाला आराम मिळत असेल तर हरकत नाही. पण पिस्टन अडवून धरणारी आतली पकड कमी करून ट्रिगर हलका करू नका. नळी उघडी असताना पकड सुटली तर नळी जोरात मिटते. बोटं तुटतात, नळीही वाकते. ट्रिगर कारखान्यातलाच असला तरी छर्रा भरताना एक हात नळीवर घट्ट हवाच.

आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय मागचं झाकण कुणीही उघडू नये. आत स्प्रिंग काही इंच दाबून बसवलेली असते, झाकण तोंडावर येतं.

सिंदफणा

तेलाची एक मोठी चूक सगळीकडंच होते, म्हणून लिहितो. दाबाच्या नळकांड्यात शिलाई मशीनचं किंवा गाडीचं तेल सोडू नका. पिस्टन पुढं येताना हवा इतकी तापते की तेल पेटतं. धूर येतो, फटाक्यासारखा आवाज येतो, वेग दर छऱ्याला बदलतो आणि सील जळतं. नवीन रायफलमध्ये पहिले शंभर-दोनशे छर्रे थोडा धूर येणं चालतं, कारखान्यातलं ग्रीस असतं ते. तोवर ग्रुपवरून कुठलाही निकाल काढू नका.

हवामानाचंही बघा. गॅस पिस्टनमध्ये तापमान २० वरून ४२ अंशांवर गेलं की दाब सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सात आणि दुपारी दोनला साइट वेगळी लागते ती त्यामुळं. मांजराकाठ दादा, तुमच्या रायफलीची साइट सरावाच्या वेळीच लावा आणि ती उन्हात ठेवू नका. स्टील स्प्रिंगला हा त्रास नसल्यासारखाच. पुतण्याकडं उलटं: गॅरेजमध्ये थंडीत ठेवली तर ग्रीस घट्ट होऊन वेग पडतो, आणि एकदम उबदार घरात आणली की आत-बाहेर दव धरून गंज येतो. तळघरातच ठेवू द्या.

दुर्बीण: साधी ३-९×४० नको. स्प्रिंगचा उलटा झटका तिच्या आतल्या तारा ढिल्या करतो, शिवाय बहुतेकांचा फोकस १०० यार्डांवर बांधलेला असतो, १० मीटरला डोळा जरा हलला की नेमही हलतो. एअर गनसाठी बनवलेली, १० यार्डांपासून फोकस होणारी घ्या आणि ११ मिमीच्या खाचेत मागं अडवणारी पिन असलेला माउंट लावा. पिन नसेल तर माउंट मागं सरकत जातो.

पण सराव १० मीटर स्पर्धेसाठी असेल तर दुर्बिणीचे पैसे पीप साइटवर (बारीक भोकातून बघायची मागची साइट) घाला. स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. पुढं नळकांडी साइट आणि त्यात गोल रिंग. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो. डोळ्यापासून पुढची साइट ७० सेंमीवर असेल तर तो काळा गोळा तिथं साधारण २.१ मिमी भासतो, म्हणून ३.४ ते ३.८ मिमीच्या रिंगपासून सुरुवात करा. काळ्याभोवती पांढरं स्वच्छ दिसलं पाहिजे. रिंग फार आवळली तर डोळा थकतो आणि काळं-पांढरं एकमेकांत मिसळतं.

मांजराकाठ (उदगीर)

सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्रिंगचा विचार सोडला, पुतण्यालाही तसं कळवलं. स्क्रू आवळून आणि ४.५० चे छर्रे वापरून ग्रुप १४ मिमीवर आलाय. पण छर्रा सुटताना त्याच्या गालाला वारा लागतो म्हणतोय. हे काय असावं?

सिंदफणा

नळीच्या मागच्या टोकाशी, जिथं छर्रा भरतो तिथलं सील गळतंय. आधी खात्री करा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी त्या जोडावर आडवी टाकून एक छर्रा मारा, रायफल टार्गेटकडंच, डोळ्याला चष्मा. पट्टी उडाली तर सील खाली बसलंय. टोकदार लाकडी काडीनं ते अलगद काढा, लोखंडी टोचा वापरू नका, खाचेला ओरखडा पडला की नवीन सीलही गळतं. खाचेच्या तळाशी साध्या कागदाची एक गोल चकती कापून ठेवा आणि सील परत बसवा. सील खाचेच्या वर किंचित दिसलं पाहिजे. जास्त चकत्या घातल्या तर नळी मिटायला जड जाते आणि दरवेळी वेगळ्या उंचीवर बसते, मग ग्रुप वर-खाली लांबतो. एका चकतीनं भागलं नाही तर त्याच मॉडेलचं नवीन सील मागवा.

हे झाल्यावर क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) दहा छर्रे मारून वेग बघायला सांगा. गळती थांबली की वेग थोडा वाढतो, आणि तो ५०० फुटांच्या आतच आहे ना हे त्याच्या वहीत लिहिलेलं असू द्या.