मदत हवी आहे: वाचलेल्या लेखांचे दुवे टिपणांसकट कुठे आणि कसे साठवावेत?

निवडुंग

नमस्कार मंडळी. शोधून पाहिलं, या विषयावर वेगळा धागा दिसला नाही. असल्यास दुवा द्या, हा उडवायला सांगते.

नेटवर काही चांगलं वाचलं की त्याचा दुवा आणि खाली दोन-चार ओळी लिहून ठेवायची मला सवय आहे. काय आवडलं, काय पटलं नाही, कशाशी ताडून बघायला हवं, असं. विषयाला धरबंध नाही. पाणी आणि शेती सगळ्यांत जास्त, मग गिरणगाव, भाषा, खाण्यापिण्याचा इतिहास, मध्येच एखादी मुलाखत. सगळं एका गूगल डॉकमध्ये आहे आणि तो आता इतका लांबलाय की फोनवर उघडला तर जागचा हलत नाही. नमुन्यादाखल एक नोंद:

"कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरचा लेख. पावसाळा सरला की बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) टाकायचे, पुढच्या पावसाळ्याआधी काढायचे, हे माहीत होतं. पण बर्गे चोरीला जातात आणि बंधारा नुसता उभा राहतो, त्याबद्दलचे शेवटचे दोन परिच्छेद कामाचे. सुरुवातीचा इतिहास वगळला तरी चालेल."

अडचणी अशा. एक तर हे हलवायचं कुठे? दुसरं, जुन्या दुव्यांपैकी बरेच आता उघडतच नाहीत, टीप शिल्लक आणि लेख गायब. तिसरी गोष्ट मला कळतच नाही: नोंद केलेली आहे हे पक्कं आठवतं, शोधात शब्द टाकते, आणि सापडत नाही. इंग्रजी लेखांच्या नोंदी सापडतात, मराठीच सापडत नाहीत.

कोडिंग येत नाही, स्वतःचा सर्व्हर वगैरे चालवणार नाही. विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन. एकदा पैसे भरायला हरकत नाही, जन्मभराची वर्गणी नको. शिवाय आमच्या वाचनगटातल्या मैत्रिणींना यातलं निवडक दाखवायचं आहे.

चहाबाज

वाखू (वाचनखूण) साठवली. हेच उत्तर आहे ना? (हलके घ्या.)

घाटवाट

ताई, कुठलंही ॲप घ्या, पण ते एक दिवस बंद होणार असं धरूनच घ्या. दुवे साठवायचं डिलिशस २००३ मध्ये आलं, २००५ मध्ये याहूने घेतलं, मग ते हात बदलत बदलत संपलं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला गेलं. लेख साठवायचं ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये. तसंच पॉकेट तर फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं होतं, तेही ८ जुलै २०२५ ला बंद झालं. म्हणून निवडताना पहिला प्रश्न हा की सगळा माल टिपणांसकट बाहेर काढता येतो का. टिपणांसकट हे मुद्दाम म्हणतोय. काही ठिकाणी दुव्यांची यादी मिळते आणि टिपा आतच राहतात. ब्राउझरच्या बुकमार्कांवर तर टिपांसाठी विसंबूच नका. फायरफॉक्समध्ये बुकमार्कला वर्णन लिहायचा रकाना होता, तो २०१८ मध्ये काढून टाकला.

तुमच्या अटींत बसणारं म्हणजे झोटेरो. मुळात संशोधकांसाठी केलेलं, २००६ पासून चालू, मोफत आणि मुक्तस्रोत. ब्राउझरमधलं बटण दाबलं की दुवा, शीर्षक, लेखक, तारीख उचलतं आणि पानाची प्रतही काढून ठेवतं. सगळं तुमच्याच लॅपटॉपवर राहतं. मराठी वर्तमानपत्रांच्या पानांवरून लेखकाचं नाव आणि तारीख नीट येतीलच असं नाही, तिथे हाताने भरावं लागतं. फायली सिंक करायला ३०० एमबी फुकट, नोंदी आणि टिपांना मर्यादा नाही. २०२४ च्या सातव्या आवृत्तीपासून साठवलेल्या पानावरच अधोरेखन करता येतं, कडेला टीप लिहिता येते.

फोनवरून पटकन टाकायला रेनड्रॉप हे दुवे साठवायचं ॲप जास्त सोपं आहे, पण पानाची कायमची प्रत ठेवायची सोय वर्गणीदारांनाच आहे. दिसायला देखणं आहे हे खरं.

तेरड्याचा रंग

मी स्वतःलाच व्हॉट्सॲप करते. एका बोटाचं काम.

निवडुंग

@तेरड्याचा रंग, तेही करून झालं. टाकणं सोपं आहे. पण दुधाचा हिशेब आणि गॅसचा नंबर यांच्यामधून लेख उपसून काढावा लागतो.

@घाटवाट, झोटेरोचं नाव ऐकलं होतं, पण ते पीएचडीवाल्यांचं असा समज होता. बघते. गायब दुव्यांचं काय?

घाटवाट

गेलेल्यांसाठी आधी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) तो दुवा टाकून बघा, पुष्कळदा जुनी प्रत मिळते. नव्यांसाठी तिथेच पान जतन करायची सोय आहे. दुवा चिकटवायचा, बटण दाबायचं, आणि जो नवा दुवा येतो तो मूळ दुव्याच्या खाली ठेवायचा. पैसे भरून वाचायच्या लेखांना याचा उपयोग नाही. तुमचंच नशीब वाईट असं नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तीत २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती.

पण खरा उपाय कंटाळवाणा आहे: दुव्यासोबत शीर्षक, लेखक, प्रकाशन आणि तारीख लिहायची. वर्तमानपत्राची साइट नवी झाली की जुने पत्ते मोडतात, लेख मात्र तिथेच कुठेतरी दुसऱ्या पत्त्यावर असू शकतो. "लोकरंग, अमुक तारीख, अमुक शीर्षक" एवढं हातात असलं तर शोधता येतो. नाहीच मिळाला तर छापील अंक ग्रंथालयात असतो. नुसता दुवा असेल तर हात टेकावे लागतात.

कळफलक

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात मी बराच काळ डोकं खाजवलंय.

तुमच्या नमुन्यातला "बंधाऱ्यांवरचा" हाच शब्द घ्या. यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि मग य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. तुम्ही लॅपटॉपवर एका कीबोर्डने लिहिलं आणि फोनवर दुसऱ्याने शोधलं की आलीच पंचाईत. शेतकऱ्यांवरचं, दुसऱ्यांदा, दऱ्याखोऱ्या, साऱ्या, सगळे यात येतात. पाणी आणि शेती वाचणाऱ्या बाईला "शेतकऱ्या" सापडू नये म्हणजे काय!

ॲ चंही तेच. ॲ हे एकच अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, २००८ मध्ये आलं. त्याआधी अ वर अर्धचंद्र चढवून काम भागवायचे, आणि तसं लिहिणारे कीबोर्ड अजून आहेत. त्यामुळे "ॲसिड" शोधलं तर जुन्या पद्धतीने लिहिलेलं निसटतं.

उपाय: डॉकमधल्याच एखाद्या न सापडणाऱ्या शब्दातला अर्धा र उचला, शोधा-आणि-बदला खिडकीत वर चिकटवा, खाली ऱ आणि हलन्त टाका, सगळे बदला. आधी डॉकची प्रत काढून तिच्यावर करा. कुणी सांगेल की अदृश्य चिन्हं सरसकट पुसून टाका. ते अजिबात करू नका. "दऱ्या" मधलं नुसतं जोडचिन्ह पुसलंत तर रफार होऊन "दर्या" होतो, आणि सह्याद्रीच्या नोंदी समुद्रात जातात.

एवढं करूनही एक भानगड उरतेच, ती आपल्या व्याकरणाची. "विहीर" शोधलं तर "विहिरीत" सापडत नाही, कारण ही ची हि होते. "पाऊस" टाकलं तर "पावसाने" नाही. "धरण" मात्र "धरणाच्या" मध्ये मिळतं, तिथे मूळ शब्द मोडत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ ठेवा, तीत विषयाचे शब्द प्रथमा एकवचनात: विहीर, पाऊस, बंधारा, शेतकरी. शोध नेहमी या ओळीतल्या रूपांनी घ्यायचा.

युनिकोडच्या आधीच्या फाँटातली पानं साठवत असाल तर शीर्षक स्वतः देवनागरीत टाइप करा. त्या पानाची प्रत काढली तरी आत निरर्थक रोमन अक्षरं असतात, त्यात काही सापडणार नाही.

अवांतर: देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ का होते, तर प्रत्येक अक्षराचे तीन बाइट आणि दर बाइटला टक्का धरून तीन चिन्हं. एका अक्षराची नऊ, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. ती माळ बघवत नाही म्हणून कुणी लघुदुवे करतात. साठवणीत लघुदुवा नको. गूगलने आपली लघुदुव्यांची सेवा गुंडाळायला घेतली, तेव्हा २०२५ मध्ये वापरात नसलेले दुवे बंद केले. माळच ठेवा. प्रश्नचिन्हानंतरची शेपटी छाटायला हरकत नाही, पण आधी छाटून पान उघडतं का ते बघा. जुन्या साइटांवर लेखाचा क्रमांकच त्या शेपटीत असतो.

निवडुंग

@कळफलक, दंडवत घ्या! आत्ता करून पाहिलं, "शेतकऱ्यां" वर कितीतरी नोंदी वर आल्या ज्या मी हरवल्या असं समजत होते.

हौशी

एवढा खटाटोप कशाला? एआयला दुवा दिला की पाच ओळींत सारांश मिळतो. तो चिकटवायचा.

खतावणी

मी अनेक वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले. हौशी यांच्या सूचनेवर एवढेच सांगतो: ताईंच्या नोंदीत "सुरुवातीचा इतिहास वगळला तरी चालेल" असे वाक्य आहे. सारांशात ते येणार नाही. सारांश त्या इतिहासालाही त्याच्या आकारानुसार जागा देईल आणि बर्गे चोरीला जातात हे बहुधा अर्ध्या ओळीत उरकेल. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या ग्रंथालयांविषयीच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. इथे वाचक म्हणजे तीन वर्षांनंतरच्या ताई स्वतः.

नोंदीत लेख कोणी सुचवला आणि आपण केव्हा वाचला, हेही लिहावे. लेखाशी मतभेद असेल तर कोणत्या मुद्द्याशी, ते स्पष्ट लिहावे. "छान आहे", "वाचनीय" असे शब्द टाळावेत. शंभर नोंदींना तेच विशेषण असेल तर त्याचा उपयोग शून्य.

विषयांच्या शब्दांबद्दल कळफलक यांनी सांगितले त्यात एक भर. आज "सिंचन" लिहाल, उद्या "जलसिंचन", परवा "पाणी". एक शब्द ठरवा आणि एका वेगळ्या पानावर स्वीकृत शब्दांची यादी ठेवा. टाळलेल्या शब्दापुढे "सिंचन: पाहा पाणी" असे लिहायचे. ग्रंथालयाच्या तालिकेत (पुस्तकांच्या सूचीत) आम्ही हेच करीत असू. शब्द थोडे असू द्या. एखाद्याखाली गर्दी झाली की तेव्हा फोडा. आधीपासून बारीक वर्गीकरण करू गेलात तर लेख वाचण्याऐवजी खण करण्यातच संध्याकाळ जाईल.

साधामजकूर

कुठे ठेवायचं यावर माझं मत: साध्या मजकुराच्या फायली, वर्षाला एक. त्या कुठल्याही यंत्रावर उघडतात. ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये ठेवल्यात तर शोधही बरा मिळतो, आणि उद्या ते गेलं तरी फायली तुमच्याच फोल्डरमध्ये असतात. पानाची प्रत हवी तर सिंगलफाइल नावाचं एक्स्टेन्शन पूर्ण पान चित्रांसकट एका फाइलीत उतरवतं. झोटेरो वाईट नाही, पण मला त्यात लिहावंसं वाटत नाही. हा माझा प्रश्न.

घाटवाट

+१ सिंगलफाइलला. लिहिणं जास्त आणि प्रती कमी असतील तर साधामजकूर म्हणतात तेच करा. ताईंना प्रती हव्या आहेत म्हणून मी झोटेरो म्हटलं.

निवडुंग

झोटेरो टाकलं. जुना डॉक पूर्ण हलवत बसत नाही. ज्या नोंदींकडे परत जाते त्याच आणते आहे, बाकीचा डॉक आहे तसा राहू दे. स्वीकृत शब्दांची यादी आजच सुरू केली. "पाणी" आणि "दुष्काळ" वेगळे ठेवले, यावर खतावणी काका रागावणार नाहीत अशी आशा.

शेवटचं: वाचनगटाला साठवलेल्या प्रती पाठवल्या तर चालेल का? आणि फेसबुकवरच्या चांगल्या पोस्टींचं काय करता?

खतावणी

दुष्काळ वेगळाच हवा.

प्रतींबद्दल: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खाजगी वापर आणि अभ्यास यांसाठीच्या उचित वापराला मुभा देते. स्वतःजवळ प्रत ठेवणे त्यात बसते. तीच प्रत गटाला वाटणे ही निराळी गोष्ट. गटाला दुवा आणि आपली टीप पाठवावी. टीप आपलीच आहे, ती हवी तितकी वाटा.

घाटवाट

फेसबुकचं वेबॅकवर धड काही मिळत नाही, लॉगिनची भिंत मध्ये येते. मजकूर कॉपी करून झोटेरोच्या टिपेत टाका, वर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख. तारखेवर टिचकी मारली की त्या एका पोस्टचा पत्ता मिळतो, तो घ्या, नाहीतर नुसता प्रोफाइलचा दुवा राहतो. आणि पोस्टवर पृथ्वीगोलाचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर ती सगळ्यांसाठी नाही, गटात पाठवायच्या आधी लिहिणाऱ्याला विचारा.