शब्दचर्चा : ‘प्लक’ला मराठीत काय म्हणाल? धाडस, साहस की काळीज?

अर्धविराम :
व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रजी मुलांच्या पुस्तकांवर मराठीत लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीये. जी. ए. हेन्टींच्या १८८४ च्या एका कादंबरीचं नाव ‘बाय शिअर प्लक’. विषय अशांटी युद्ध, म्हणजे आजच्या घानातली १८७३-७४ ची लढाई. हेन्टी वार्ताहर म्हणून स्वतः त्या मोहिमेबरोबर गेले होते. मी ‘निव्वळ धाडसाच्या बळावर’ असं केलंय, पण मिळमिळीत वाटतं. या पुस्तकांत ‘प्लक’ हा साधा गुण नाही, इंग्रज पोराचा तो जन्मजात वारसा आहे. शत्रूसुद्धा शूर असतो, पण त्याच्या शौर्याला बहुधा दुसरंच नाव मिळतं. हा ‘आपल्यांचाच’ असलेला भाव मराठीत कसा आणू?

कोशकिडा :
आधी शब्दाचं मूळ बघा, मजा आहे. ‘प्लक’ हा मुळात खाटकाच्या ओट्यावरचा शब्द. बकरं कापल्यावर आतून जे उपटून काढतात ते, म्हणजे काळीज, हृदय, फुफ्फुसं. अठराव्या शतकाच्या अखेरीला मुष्टियुद्धवाल्यांच्या बोलीत त्याचा अर्थ ‘हिंमत’ झाला. शंभर वर्षांत तोच शब्द सभ्य घरांतल्या मुलांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला!
म्हणून माझं मत : काळीज. मटणवाल्याकडेही तेच मागतो आणि ‘वाघाचं काळीज लागतं’ म्हणतो तेव्हाही तेच. ‘धाडस’ला ही मांसल बाजू नाही.

खलाशी :
+१. पण ‘साहस’ कुणी सुचवू नका, अशी विनंती. नाहीतरी सगळे ‘साहसकथा’ म्हणतातच.

अर्धविराम :
का हो? मी लेखभर ‘साहसकथा’च लिहिलंय!

कोशकिडा :
खलाशीबुवा कुठे निघालेत ते कळलं. धर्मशास्त्रात ‘साहस’ हा गुन्हा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याख्याच आहे : मालकाच्या देखत बळजबरीनं केलं तर ते साहस, माघारी केलं तर चोरी. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव. प्रथम साहस २५० पण (‘पण’ म्हणजे तेव्हाचं नाणं), मध्यम ५००, उत्तम १०००. ‘सहस्’ म्हणजे जोर, त्यावरून हे सगळं. ‘सहसा’ही त्याच घरातला. संस्कृतात ‘एकाएकी’, आणि मराठीत येऊन चक्क ‘बहुतकरून’. (शब्दांनाही वय झालं की शांत व्हावंसं वाटत असावं.) बोलीत मात्र जुना वास टिकून आहे. ‘भलतं साहस करू नकोस’ हे आपण दटावूनच म्हणतो.

खलाशी :
अगदी तेच. आणि म्हणूनच मी विनंती मागे घेतो, ‘साहसकथा’ राहू दे! मालकाच्या देखत, बळजबरीनं : साम्राज्याचं वर्णन याहून नेमकं काय असणार? इंग्रजी शब्दही काही निष्पाप नाही. ‘ॲडव्हेंचरर’ म्हणजे जोखमीच्या धंद्यात पैसा घालणारा, असा जुना व्यापारी अर्थ आहे. १६७० च्या सनदेत हडसन्स बे कंपनीचं अधिकृत नावच मुळी ‘हडसनच्या उपसागरात व्यापार करणारी इंग्लंडच्या ॲडव्हेंचरर मंडळींची कंपनी’ अशा थाटाचं. आणि गंमत म्हणजे आर. एम. बॅलंटाइन, एडिंबराचा हा पोरगा, सोळाव्या वर्षी त्याच कंपनीत कारकुनी करायला कॅनडात गेला. पुढे त्यानं ‘द कोरल आयलंड’ ही पॅसिफिकमधल्या बेटावर अडकलेल्या पोरांची कादंबरी लिहिली. बेटावर पोचताच त्यातला पीटरकिन म्हणतो की राजाच्या नावानं बेट ताब्यात घेऊ, काळ्या रहिवाशांच्या चाकरीला लागू आणि मग सहजच वर चढू, गोरी माणसं रानटी देशांत नेहमी चढतातच. चेष्टेत म्हणतो, पण म्हणतो. बॅलंटाइननं पॅसिफिक पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याचे नारळ झाडावरच सोललेले आहेत, ब्रिटनमधल्या दुकानात असतात तसे. कोकणातल्या कुठल्याही पोरानं त्याला तिथेच पकडलं असतं.

देशावरचा :
मला ‘मुलूखगिरी’ सुचतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं, खंडणी-चौथ वसूल करून परतायचं. साम्राज्य, प्रवास, कमाई, सगळं एका शब्दात. फक्त आरशात बघायची तयारी हवी. अठराव्या शतकात आपले बारगीर बंगालात गेले त्याला आपण मोहीम म्हणतो. बंगाली आया मात्र पोराला झोपवताना ‘बर्गी आले देशात’ (बर्गी म्हणजे हेच बारगीर) असं अजून गातात. तेही बालसाहित्यच की.
आणि ताई, हेन्टींचं मराठ्यांवरचं पुस्तक सोडू नका. ‘ॲट द पॉइंट ऑफ द बायोनेट’. १७७९ साली आईबाप मारले गेलेला इंग्रज पोर, त्याला सोयरा नावाची दाई मराठा मुलगा म्हणून वाढवते. भाषा मराठी, संगत मराठी, पण नायकपण मात्र त्याच्या रक्तातून येतं. वाढवणारी सोयरा, श्रेय रक्ताला!

अर्धविराम :
हे फार कामाचं आहे, दादा. कारण ‘बाय शिअर प्लक’मध्येही असंच एक ठिकाण आहे. नायकासोबतचा निसर्गशास्त्रज्ञ त्याला समजावतो की आफ्रिकन माणूस लहान मुलासारखा, त्याची बुद्धी दहा वर्षांच्या युरोपीय मुलाएवढी. आता वाचणारा तरी केवढा? दहा-बारा वर्षांचाच! म्हणजे तिकडच्या आजोबांपेक्षा तू मोठा, हे त्या पोराला जहाजावर न चढताच मिळालं. ‘प्लक’ त्याला असा घरबसल्या वाटलेला आहे. म्हणून ‘धाडस’ नको वाटत होतं, ते करून दाखवावं लागतं. काळीज जन्मतःच असतं.
तर शीर्षक ‘काळजाच्या जोरावर’, आणि खाटीक तळटीपेत. ‘साहसकथा’ तशीच ठेवते, मनूच्या साक्षीनं. ‘मुलूखगिरी’ मराठ्यांच्या पुस्तकाच्या परिच्छेदात वापरीन, बर्गींसकट.

खलाशी :
झकास. आता हेन्टींच्या प्रस्तावनांतलं ‘माय डिअर लॅड्स’ कसं करणार ते सांगा. ‘मुलांनो’ म्हटलं तर शाळेची घंटा ऐकू येते.

कोशकिडा :
आणि ‘बाळांनो’ म्हटलं तर साने गुरुजी.

देशावरचा :
‘गड्यांनो’?