बाळाची नजर कधी ठरली? तुमचे अनुभव लिहा

मृण्मयी_वाई
बाळ काल सात आठवड्यांचं झालं. मी माहेरी आहे. दूध पाजताना तो माझ्याकडे बघतोय असं वाटतं पण खरं तर डोळ्यांकडे नाही बघत, कपाळावर जिथे केस सुरू होतात तिथे एकटक बघतो, नाहीतर पंख्याकडे. आईने पाळण्यावर एवढ्या हौसेनं चिमणाळं बांधलंय, त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. झोपेत हसतो, आजी म्हणते सटवाई हसवते, पण जागेपणी माझ्याकडे बघून अजून हसला नाहीये. आज मालिशवाल्या मावशी म्हणाल्या "पोराची नजर नाही ठरली अजून" आणि तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. तुमच्या बाळांची नजर कधी ठरली, काय काय झालं, सगळं लिहा प्लीज, छोटं असलं तरी चालेल.

शुभा_पुणे
अगं केसांच्या रेघेकडे बघतो ना, मग बघतोय की तो! आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, पहिला महिना-दीड महिना बाळाला कडा दिसतात, गडद आणि फिकं जिथे भेटतं ती जागा, म्हणून कपाळावरची केसांची रेघ आणि पांढऱ्या छतावर पंख्याची पाती. आणि नीट दिसतं ते वीत-दीड वीत अंतरावरचं, २० ते ३० सेंटीमीटर, म्हणजे पाजताना तुझा चेहरा असतो बरोब्बर तेवढंच. चिमणाळं किती उंच आहे ते बघ आधी. आमचं छताच्या हुकाला होतं, लेकीला तो नुसता धुरकट ठिपका दिसत असणार. मग मी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर काळ्या मार्करने जाड पट्टे काढले आणि तिच्यासमोर धरायचे, पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिचे पाय हलायचे थांबले, एकदम गप्प. दोन महिने झाल्यावर पुठ्ठा सरकवला की डोळे मागे मागे यायला लागले, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाल गोंडा हातात धरायची धडपड. तेव्हा चिमणाळं खाली आणलं, आणि ओढायला लागली तसं परत वर बांधलं.

एका_पिल्लाचा_बाबा
आमचा अनुभव वेगळा आहे, पण कमी दिवसांचं बाळ असलेल्या कुणीतरी हे वाचायलाच हवं म्हणून लिहितो. मुलगा ३० व्या आठवड्यात झाला, वजन १३०० ग्रॅम. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नऊ महिने भरेपर्यंत वाढत असतात, बाळ लवकर बाहेर आलं की त्या नीट पोचत नाहीत आणि वेड्यावाकड्या वाढायला लागतात, त्याला आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी टपोरा, चांगला दिसतो. काहीच कळत नाही. ३४ आठवड्यांच्या आत झालेलं किंवा २ किलोच्या आतलं बाळ असेल तर ३० दिवसांच्या आत पडदा तपासायचाच असतो, आणि फारच लवकर झालेलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. आम्हाला घरी सोडताना कागदावर याचं काही लिहिलेलं नव्हतं, कुणी तोंडीही बोललं नाही. बायकोच्या मावशी दुसऱ्या गावात नर्स आहेत, त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "डोळे दाखवले का रे?" तो २६ वा दिवस होता. दुसऱ्या दिवशी गाडी करून नेलं, बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब घातले, तपासलं आणि त्याच आठवड्यात दोन्ही डोळ्यांना लेझर. आज तो अडीच वर्षांचा आहे, चष्मा आहे, पण भिंतीवरची मुंगी दाखवतो मला. चार दिवस राहिले होते हो फक्त, अजून झोपेतून जाग येते मला.

सई_कोल्हापूर
वाचून काटा आला दादा. माझी बहीण सातव्या महिन्यात बाळंत झालीये, आत्ताच फोन करते तिला.

अनघा_के
आमच्याकडे तिरळेपणाचं झालं होतं. दोन महिन्यांची असताना लेकीचे डोळे मधूनच नाकाकडे जायचे, सासूबाई म्हणायच्या अगं सगळ्यांचेच जातात, आणि ते खरंही होतं, सुरुवातीला दोन डोळ्यांचा मेळ बसलेला नसतो. पण चौथा महिना संपला तरी जात असतील किंवा एकच डोळा कायम आत राहत असेल तर मात्र दाखवायचंच. आम्ही दाखवलं, डॉक्टरांनी टॉर्च मारला, दोन्ही बुबुळांत उजेडाचा ठिपका एकाच जागी होता. नाक बसकं म्हणून तसं वाटतं म्हणाले. जीव भांड्यात पडला. आणि मृण्मयी, काजळ घालू नकोस हं. काही काजळांत शिसं निघतं. डोळ्यात आईचं दूधही नाही. आमच्या आजेसासूबाई रुसल्या होत्या, मग कानामागे तीट लावायची असं ठरलं.

निशिगंधा_इंग्लंड
इथे बाळाच्या बाहुलीत उजेड टाकून आतून लालसर चमक येते का ते दोनदा बघतात, जन्मल्यावर ७२ तासांत आणि मग ६ ते ८ आठवड्यांनी. आमच्या मुलीच्या दुसऱ्या तपासणीत डाव्या डोळ्यात ती चमक मंद आली. जन्मजात मोतीबिंदू. एवढ्याशा बाळाला मोतीबिंदू हे माझ्या आईला फोनवर पटेचना, तीनदा विचारलं तिने. ऑपरेशन लगेच झालं कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत डोळ्यातून चित्र मेंदूपर्यंत गेलं नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्षच देईनासा होतो, मग नंतर मोतीबिंदू काढूनही फारसा उपयोग नाही. पण खरी लढाई नंतरची. एवढुश्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स आणि रोज ठरलेला वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी, कमजोर डोळ्याने बघायला लावायचं. ती पट्टी उपटायची, मग मी हातांत मोजे घालायचे, तर मोजे तोंडाने ओढून काढायची. पट्टीचा चिकटा निघताना भुवईचे केस यायचे, खोबरेल तेल लावून मी सोडवत बसायचे आणि तीही रडायची आणि मीही. आता चार वर्षांची आहे, डाव्या डोळ्याने कमी दिसतं पण दिसतं. फ्लॅशच्या फोटोत बाळाची बाहुली पांढरी दिसली तर फोटो खराब आला म्हणून डिलीट करू नका, तो फोटो घेऊन सरळ डॉक्टरकडे जा.

मृण्मयी_वाई
सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. काजळाची डबी कपाटात ठेवली. दीड महिन्याच्या लसीला उशीरच झाला होता, ती द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांना डोळ्यांत उजेड टाकून बघायला लावलं, दोन्ही बाहुल्यांत चमक छान आहे म्हणाले. अजून एक, आज सकाळी न्हाऊन आले, केसांना पांढरा पंचा गुंडाळलेला, केसांची रेघ दिसतच नव्हती. तसंच त्याला मांडीवर घेतलं. आधी पंच्याची कड शोधत राहिला, मग हळूहळू खाली आला, भुवया, मग डोळे, आणि तिथेच थांबला. आणि हसला. आजी दारात होती, तिनेपण बघितलं.